मोड आलेल्या नाचणीची करामत

सहा महिने पूर्ण झालेल्या, सात किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी किती मावतं? बालआहाराचा अभ्यास करणाऱ्यांचा ठोकताळा असा, की वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर. म्हणजे सव्वादोनशे मिलिलिटरच्याही आत, घरातल्या मध्यम वाटीएवढं. आणि याच वयात आईचं दूध एकटं पुरेनासं होतं. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला दुधाशिवाय दुसरं काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. पण सातव्या महिन्यापासून आईचं सरासरी दूध धरूनही दिवसाला आणखी सुमारे २०० किलोकॅलरी वरच्या अन्नातून मिळाव्या लागतात. नवव्या ते अकराव्या महिन्यात हा आकडा ३०० वर जातो, आणि वर्ष उलटल्यावर साडेपाचशेच्या घरात.

दोनशे किलोकॅलरी म्हणजे मोठ्या माणसाला दीड-दोन पोळ्या. त्यात अवघड ते काय, असं वाटेल. अवघड आहे ते दात नसलेल्या, गिळायला नुकत्याच शिकणाऱ्या तोंडाला झेपेल अशा रूपात त्या पोचवणं. घरोघरी पहिलं उत्तर असतं ते पेजेचं किंवा पातळ लापशीचं. चमचाभर पीठ, वाटीभर पाणी, ढवळत ढवळत शिजवायचं, बाळाच्या घशातून सहज उतरेल इतकं पातळ ठेवायचं. हे उत्तर दिसायला सोपं आहे, पण त्याचा हिशेब मांडला की गडबड दिसते.

कोणतंही धान्याचं पीठ शिजलं की घट्ट होतं. पिठातले स्टार्चचे कण साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसला पाणी शोषून फुगतात, फुटतात, आणि त्यांच्या आतल्या साखळ्या बाहेर येऊन सगळ्या पाण्याला धरून ठेवतात. त्यामुळे १०० ग्रॅम लापशीत सात-आठ ग्रॅम पीठ पडलं तरी ती चमच्यावर उभी राहायला लागते. आठ ग्रॅम पिठातून मिळतात जेमतेम २६ किलोकॅलरी. १०० ग्रॅम आईच्या दुधातून मिळतात ६५ ते ७०. म्हणजे बाळाचं पोट भरावं म्हणून दिलेली पातळ लापशी दुधाच्या निम्म्यानेही पोषण देत नाही, आणि वर पोटातली दुधाची जागा अडवते. या लापशीतून २०० किलोकॅलरी पुरवायच्या तर जवळजवळ पाऊण किलो लापशी भरवावी लागेल. ते कोणत्याही बाळाला शक्य नाही. पीठ वाढवावं तर लापशी इतकी घट्ट होते, की बाळ ती गिळू शकत नाही, तोंड फिरवतं. वरणाच्या नुसत्या पाण्याचं तर बोलायलाच नको. त्यात डाळ जवळपास नसतेच, पण ‘वरणाचं पाणी चालू केलंय’ हे सांगताना घरच्यांच्या आवाजात समाधान मात्र पुरेपूर असतं.

या पेचातून सुटायची वाट धान्यानेच ठेवलेली आहे, आणि ती महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या, आफ्रिकेच्याही स्वयंपाकघरांना ठाऊक होती. धान्याला मोड आणायचे.

दाणा म्हणजे झोपलेलं रोपटं आणि त्याची शिदोरी. शिदोरी स्टार्चच्या रूपात बांधलेली असते, कारण स्टार्च विरघळत नाही, हलत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. दाणा भिजला की आतला अंकुर जागा होतो आणि जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते पोचतं दाण्याच्या सालीखालच्या पातळ थरापर्यंत. त्या थरातल्या पेशी मग अमायलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करायला लागतात. हे अमायलेज स्टार्चच्या लांबलचक साखळ्या मधूनमधून तोडतं. तुटलेल्या तुकड्यांची पुढे साखर होते आणि ती अंकुराला खाता येते. माणसाला सापडलेलं पहिलं विकर हेच, आणि तेही मोड आलेल्या धान्यातूनच. अँसेल्म पायेन आणि जाँ-फ्रांस्वा पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ साली मोडाच्या सातूच्या अर्कातून ते वेगळं केलं होतं.

लापशीला घट्टपणा येतो तो लांब साखळ्यांमुळे. साखळ्या तुटल्या की लापशीची पकड सुटते, पण पोषण जात नाही. पिठाचा एकही कण कमी झालेला नसतो. म्हणून मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या पिठाची लापशी १०० ग्रॅमला २० ग्रॅम पीठ घातलं तरी चमच्यातून ओघळते. तेवढ्यातून ६५ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे आईच्या दुधाच्या तोडीच्या. वर अर्धा चमचा साजूक तूप घातलं, की दुधालाही मागे टाकलं.

घरात कुणाला पटत नसेल तर करून दाखवायला दहा मिनिटं पुरतात. साध्या नाचणीच्या पिठाची चमचा उभा राहील अशी घट्ट उकड करा. बोट जेमतेम सोसवेल इतकी निवू द्या, आणि मग त्यात चमचाभर मोडाच्या नाचणीचं पीठ घालून ढवळा. काही मिनिटांत ती घट्ट उकड ओतता येईल इतकी पातळ होते. पाण्याचा थेंबही न घालता. पहिल्यांदा पाहताना हा प्रकार नजरबंदीसारखाच वाटतो. (हे पीठ कच्चं घातलेलं असतं, म्हणून बाळाला द्यायचं तर पुन्हा एक उकळी आणायलाच हवी.)

शास्त्रज्ञांनी याचा पाठपुरावा मुख्यतः १९८० च्या दशकात केला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एन. जी. मल्लेशी आणि एच. एस. आर. देसिकाचार यांनी मोडाची नाचणी आणि मोडाचे मूग एकत्र करून, शिजवल्यावर घट्ट न होणारं बाळाचं पीठ बसवलं. त्यांचा निबंध १९८२ चा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. सगळं पीठ मोडाचं कशाला हवं? रोजच्याच घट्ट लापशीत चिमूट-चमचाभर मोडाचं पीठ विरजणासारखं घातलं तरी काम होतं. हा विचार गरिबांच्या घरासाठी जास्त उपयोगाचा होता, कारण मोड आणण्याची यातायात महिन्यातून एकदाच करावी लागते आणि बाकी रोजचा स्वयंपाक तसाच राहतो. त्याच सुमाराला टांझानियात मोशा आणि स्वानबर्ग यांनी तिथल्या ‘उजी’ नावाच्या लापशीवर हेच करून पाहिलं. तिकडे मोडाच्या पिठाला ‘किमेया’ म्हणतात, आणि ते पीठ तोवर घरात होतं ते मुख्यतः दारू गाळण्यासाठी. बाळाच्या वाटीत येताना त्याचं नवं नाव पडलं ‘पॉवर फ्लोअर’.

दारूचा उल्लेख निघाला आहे तर एक गोष्ट इथेच सांगतो. मोड आणून वाळवलेल्या धान्याला इंग्रजीत माल्ट म्हणतात, आणि बियर त्याचीच होते. युरोपात माल्ट बाळांच्या अन्नात आणलं ते युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८६० च्या दशकात. आईचं दूध न मिळणाऱ्या तान्ह्यांसाठी त्याने गव्हाचं पीठ, माल्ट, गाईचं दूध आणि थोडा क्षार यांचं सार बसवलं. त्याच वाटेने पुढे जेम्स आणि विल्यम हॉर्लिक हे भाऊ निघाले. अमेरिकेत त्यांनी १८७३ साली कंपनी काढली आणि १८८३ साली माल्टेड दुधाच्या भुकटीचं पेटंट घेतलं. तीही आधी तान्ह्या बाळांसाठी आणि आजाऱ्यांसाठीच होती. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत हॉर्लिक्सची बाटली प्रतिष्ठेने कपाटात बसली, तेव्हा त्याच घरातल्या आजी फडक्यात नाचणी बांधून तीच रसायनविद्या फुकट करत होत्या. बाटलीला मान मिळाला, फडक्याला नाही.

पण या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट धान्यात नाही, आईच्या दुधात आहे. माणसाच्या शरीरात स्टार्च पचवणारं अमायलेज मुख्यतः स्वादुपिंडातून येतं. तान्ह्या बाळाच्या स्वादुपिंडात ते जवळजवळ नसतंच, आणि मोठ्या माणसाइतकं व्हायला दुसरं-तिसरं वर्ष उजाडतं. लाळेतलं अमायलेज पहिल्या सहा महिन्यांत वाढत जातं, पण तेही अजून अपुरं. मग या वयात पहिला घास म्हणून धान्य द्यायचं तर ते पचवायचं कुणी? आईच्या दुधात अमायलेज असतं, गाईच्या दुधाच्या मानाने कितीतरी जास्त. ते बाळाच्या जठरातल्या सौम्य आम्लात बऱ्याच अंशी तग धरतं, आणि पुढे आतड्यात जाऊन स्टार्च तोडायला मदत करत असावं, असं संशोधक मानतात. आतड्याच्या अस्तरातली विकरं मात्र बाळाकडे जन्मापासून असतात, आणि ती छोटे तुकडे उत्तम पचवतात. म्हणजे लांब साखळ्या तोडण्याचं पहिलं काम बाळाला जमत नाही आणि शेवटचं जमतं. मधली उणीव एका बाजूने आईचं दूध भरून काढतं, दुसऱ्या बाजूने मोडाचं धान्य. दोन्हीकडे विकर एकाच जातीचं.

याचा स्वयंपाकघरातला अर्थ सरळ आहे. लापशी कोमट झाल्यावर तिच्यात आईचं काढलेलं दूध मिसळलं तर ती पातळ होते, आणि ती केवळ दूध पातळ असतं म्हणून नव्हे. शिवाय चव ओळखीची होते. गरम लापशीत मात्र दूध घालू नये, शिजवू तर मुळीच नये, म्हणजे दुधातली विकरं शाबूत राहतात. आणि वरचं सुरू केलं म्हणून अंगावरचं कमी करायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दोन वर्षांपर्यंत, आणि त्यापुढेही, स्तनपान चालू ठेवण्याची आहे.

आता नाचणीच का? मोड गव्हालाही येतात, बाजरीलाही. पण लहान भरड धान्यांत नाचणीच्या मोडांत अमायलेज भरपूर तयार होतं, चव कडवट होत नाही, आणि वास चांगला येतो. मूळची ती पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ प्रदेशातली. आपल्याकडे कोकणात, कोल्हापूरच्या पश्चिमेला, आणि नाशिक-पालघरच्या डोंगरपट्ट्यात, जिथे तिला नागली म्हणतात, ती वरकस उतारांवर पिकते. कोरड्या जागी ठेवलेली नाचणी कित्येक वर्षं किडत नाही, म्हणून ती दुष्काळाची पुंजी मानली जाई. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकानुसार १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गहू-तांदळाच्या ते कित्येक पट. गोव्यात हिचं नारळाचा रस आणि गूळ घालून तिजाण करतात, घाटावर आंबील. आणि बाळासाठी, दोन्हीकडे, सत्त्व.

सत्त्वाची गोष्ट मात्र जरा थांबून सांगायला हवी, कारण या एका नावाखाली घरोघरी दोन अगदी वेगळ्या वस्तू होतात.

एका पद्धतीत नाचणी भिजवून, कधी मोड आणून, कधी न आणता, ओलीच वाटतात. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात तसं ते वाटण फडक्यातून पिळून गाळतात. दुधाळ पाणी रात्रभर ठेवलं, की तळाशी पांढरट गोळा बसतो. वरचं पाणी ओतून द्यायचं, गोळा उन्हात वाळवायचा, आणि त्याची रेशमासारखी पूड करायची. दिसायला अतिशय सुबक, पचायला हलकी, आणि ती करणाऱ्या बाईचे हात दुखून येतात म्हणून तिला मोलही मोठं. पण तळाशी बसतो तो मुख्यतः स्टार्च. नाचणीचं कॅल्शियम, लोह आणि तंतू यांचा मोठा वाटा सालीत आणि सालीलगत असतो, तो फडक्यात राहतो आणि म्हशीच्या घमेल्यात जातो. विकरही पाण्यात विरघळणारं असल्याने बरंचसं ओतून दिलेल्या पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणजे ज्या दोन कारणांसाठी नाचणी निवडली, ती दोन्ही गाळण्यात गेली. उरतं ते आरारूटच्या खळीच्या जवळपासचं काहीतरी. इतक्या कष्टाने इतकं कमी मिळवण्याची ही रीत थांबवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आजारातून उठलेल्या माणसाला दोन दिवस ठीक, वाढत्या बाळाला नाही.

दुसरी पद्धत कोरड्या दळणाची, आणि करामत हिच्यातच आहे. नाचणी बारीक असल्याने तिच्यात माती आणि कण लपून राहतात, म्हणून आधी पाखडून, निवडून, पाणी निर्मळ येईपर्यंत पाच-सहा वेळा धुवायची. आठ ते बारा तास भिजत घालायची, मध्ये एकदा पाणी बदलायचं. मग निथळून स्वच्छ, ओल्या सुती फडक्यात सैल बांधून उबदार जागी ठेवायची. उन्हाळ्यात दीड दिवसात पांढरे मोड दिसतात, थंडीत दोन-तीन दिवस लागतात. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हात फिरवायचा, पण चिकचिक होऊ द्यायची नाही. मोड दाण्याच्या लांबीएवढे किंवा थोडे मोठे झाले की पुरे. त्याहून वाढू दिले तर अंकुर आपलंच अन्न खात सुटतो आणि पिठाचं वजन घटतं. वास आंबूस आला, काळी-हिरवी बुरशी दिसली, दाणे बुळबुळीत लागले तर ती पुरचुंडी सरळ टाकायची. धुऊन वापरायचा मोह नको, बुरशीचं विष धुऊन जात नाही. भर पावसाळ्यात हा उद्योग करूच नये. एप्रिल-मेच्या कडक उन्हात एक दिवसात नाचणी खडखडीत वाळते, आणि जुन्या बायका वर्षाची बेगमी याच दिवसांत का करत याचं उत्तर मिळतं.

वाळलेले दाणे तळहातांत चोळले की मुळं-कोंब सुटतात, ते सुपात पाखडून काढायचे. मग भाजणं. इथे बहुतेक घरांत हात सुटतो. खमंग वासाच्या नादात नाचणी तडतडेपर्यंत भाजली की अमायलेज मरतं, आणि अडीच दिवसांच्या खटपटीनंतर हाती उरतं ते चविष्ट पण साधंच पीठ. मंद आचेवर, ओल जाऊन हलका वास येईपर्यंतच परतायचं. जंतूंचा बंदोबस्त पुढे लापशी उकळताना होतोच. दळण घरघंटीवर केलेलं बरं. गिरणीत न्यायचं तर आधी कुणाची मिरची दळलेली नाही एवढी चौकशी करावी. बारीक चाळणीने चाळलं की फोलपटं निघतात आणि रंग थोडा उजळतो. वस्त्रगाळ करण्याची गरज नाही. एकदम थोडंच पीठ करावं, महिन्याभरात संपेल एवढं, आणि कोरड्या काचेच्या बरणीत ठेवावं.

शिजवण्यातही एक खाच आहे. हे पीठ उकळत्या पाण्यात टाकलं तर विकर कामाला लागण्याआधीच मरतं आणि लापशी नेहमीसारखी घट्ट होते. म्हणून ते थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत तापवायचं. ५० ते ७० अंशांच्या टप्प्यातून ते जितकं सावकाश जाईल तितकं पातळ होतं. शेवटी दोन-तीन मिनिटं चांगलं उकळायचं. प्रमाण अर्ध्या वाटी पाण्याला पिठाचे दोन मोठे चमचे शिगोशीग. हे प्रमाण मोजून घ्यायला हवं, नजरेने नव्हे. सत्त्व पातळच असतं या सवयीने एकच चमचा पीठ घातलं, तर मिळतं गढूळ पाणी, साध्या लापशीहूनही निकस. बाटलीत भरून पाजता येईल इतकं पातळ करण्याची चाल तर सोडलेलीच बरी. चमच्यावर राहील, चमचा कलता केल्यावर सावकाश घसरेल, इतपत दाटपणा हवा.

मोड येण्याने आणखीही काही होतं. धान्यातलं फायटिक आम्ल लोह-जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. मोड येताना ते काही प्रमाणात मोडतं. कोरड्या दाण्यात नसलेलं क जीवनसत्त्व थोडं तयार होतं, जरी वाळवण्या-शिजवण्यात त्यातलं बरंच जातं. मुगाला मोड आणले तर वात धरणाऱ्या शर्करा कमी होतात. दोन-तीन भाग नाचणीला एक भाग मोडाचे मूग घालणं केव्हाही चांगलं, कारण धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं ते कडधान्यात भरपूर, आणि कडधान्यात उणं असलेलं मेथिओनिन धान्यात असतं. आपलं खिमट याच हिशेबावर उभं आहे. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून भरडायची आणि मऊ शिजवायची. खिमट घट्ट होतं ही त्याची एकच अडचण, आणि त्यावर चमचाभर मोडाच्या नाचणीचं पीठ हा रामबाण उपाय आहे. बडोद्याची युक्ती नेमकी अशाच अन्नासाठी होती.

ज्वारी मात्र या कामी घेऊ नये. ज्वारीला मोड येताना कोंबात आणि मुळात धुरिन नावाचं द्रव्य तयार होतं, आणि त्यातून सायनाइड सुटतं. हिरवी कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते याच कारणाने. नाचणी, गहू, मूग यांत ही भीती नाही.

बाळाच्या लापशीत वर्षापर्यंत मीठ, साखर, गूळ घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि बहुतेक आज्या ते मनावर घेत नाहीत. ‘अळणी कसं खाईल पोर?’ पोराने मीठ चाखलेलंच नसतं, त्याला अळणी म्हणजे काय ते कळायचं कारण नाही. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नये. त्यातल्या क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. लापशी ताजी करावी, उरलेली दुपारी पुन्हा गरम करून देऊ नये. वरचं सुरू होतं त्याच महिन्यांत जुलाब सर्वांत जास्त होतात. त्याचा दोष दातांवर ढकलला जातो, पण कारण बहुधा वाटी-चमच्यात आणि हातांत असतं.

आता नाचणीची कमकुवत बाजू. तिच्यात लोह भरपूर असतं ही समजूत घट्ट रुजलेली आहे. १०० ग्रॅममध्ये साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, म्हणजे बाळ खाईल त्या ३० ग्रॅम पिठातून जेमतेम सव्वा-दीड मिलिग्रॅम. आणि त्यातलं अंगी लागतं थोडंसंच. बाळ जन्मताना लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहा महिन्यांत सरत येतो, आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या भारतातल्या ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही चित्र बरं नव्हतं, ६८.९ टक्के. त्याच सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशभरात फक्त ११.३ टक्के होती. म्हणून सत्त्वाची वाटी ही सुरुवात समजावी. पहिल्या काही आठवड्यांतच अंड्याचा बलक, खाणाऱ्या घरात काटे काढून कुस्करलेली मासळी किंवा बारीक वाटलेलं मटण-कलेजी, न खाणाऱ्या घरात डाळी, पालेभाज्या आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब, असं वाढवत न्यावं. लिंबाचं क जीवनसत्त्व धान्यातलं लोह सोडवून घेतं. २०१८ पासूनच्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-फोलिक आम्लाचं सिरप द्यायचं असतं. ते अंगणवाडी किंवा आशाताईंकडून मागून घ्यावं.

वेळेचा प्रश्न उष्टावणाशी बांधलेला आहे. मुलाचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम, म्हणून मुलीला पाचव्या महिन्यातच मामाच्या मांडीवर बसवून सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली जाते. अंगठीवरची खीर काही बिघडवत नाही, पण ‘उष्टावण झालं’ म्हणून दुसऱ्या दिवसापासून तिला वाटीने वरचं सुरू होतं आणि दूध मागे पडतं. विषमच हवा तर सातवा महिना घ्यावा, शास्त्र आणि शास्त्र दोन्ही सांभाळलं जातं. मुहूर्तापेक्षा बाळ काय सांगतंय ते पाहावं. मान सावरते, आधाराने बसतं, तोंडात घातलेलं जिभेने बाहेर ढकलत नाही, आपल्या ताटाकडे हात मारतं, तेव्हा ते तयार असतं.

बाजारात तयार पिठांचे डबे आहेतच. त्यांत लोह मिसळलेलं असतं हा त्यांचा खरा गुण, आणि अनेकांत घातलेली साखर हा दोष. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ मधल्या दुरुस्तीने आणखी कडकपणे, दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायला बंदी आहे. घरच्या पिठाला कुणी जाहिरात देत नाही, तेव्हा निदान या बाबतीत दोघे एका पातळीवर आले.

सत्त्वाची मुदत तशी थोडी असते. आठव्या-नवव्या महिन्यात गुळगुळीत लापशीवरून कुस्करलेल्या, जरा भरडसर, मग बोटांनी उचलता येणाऱ्या अन्नाकडे जायला हवं. ब्रिटनमध्ये हजारो मुलांवर झालेल्या एका दीर्घ अभ्यासात असं दिसलं, की दहा महिन्यांनंतरही ज्यांना गाठी असलेलं अन्न दिलं गेलं नव्हतं, ती मुलं पुढे खायला जास्त त्रास देत होती. तेव्हा बरणीतलं पीठ संपत आलं की दुसरं करायची घाई नको. उरलंच तर घरातल्या कवळी लावणाऱ्यांच्या सकाळच्या आंबिलीत घालावं. कमी वाटीत जास्त अन्न मावण्याची गरज त्यांनाही असते.